गुणसूत्राच्या दोन धाग्यांना धरून कोण ठेवतं?

प्रश्न : कॉल्चिसीन (पेशीविभाजन मधेच थांबवणारं रसायन) दिलेल्या कांद्याच्या मुळात गुणसूत्रं फुलीसारखी दिसली. दोन धागे मधेच का चिकटलेले? आणि आम्ही केलेल्या स्लाइडवर नुसते लाल ठिपके का?
– बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : ते धागे म्हणजे एकाच डीएनएच्या दोन प्रती. प्रत तयार होतानाच कोहेसिन या प्रथिनाच्या कड्या दोन्हींभोवती बसतात. विभाजन सुरू झालं की बाहूंवरच्या, म्हणजे फुलीच्या हातांवरच्या, बहुतेक कड्या आधी सुटतात. गुणसूत्रबिंदूजवळच्या, म्हणजे धागे चिकटलेले दिसतात तिथल्या, कड्या मात्र शुगोशिन हे प्रथिन राखतं. शेवटी सेपरेज हे विकर त्याही कापतं. कॉल्चिसीनमुळे तर्कूचे (गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे) धागे बनत नाहीत, पेशी तिथेच अडकते, बाहू फाकतात आणि फुली ठळक होते.

प्रत्येक धाग्याची घडी वेगळ्या बळावर टिकते. डीएनएवर ऋण प्रभार, हिस्टोन या प्रथिनांवर धन. त्या ओढीनं आठ हिस्टोनांभोवती डीएनएच्या १४७ बेसजोड्या (शिडीच्या पायऱ्यांसारखे दुवे) सुमारे १.६५ वेढे घेतात.

लाल ठिपके ही विभाजन न होणाऱ्या पेशींची केंद्रकं. विभाजन चालतं ते मुळाच्या टोकाशी, म्हणून टोकाचे १-२ मिमीच घ्या. ३ भाग अल्कोहोल, १ भाग ॲसेटिक आम्ल, त्यात २४ तास. मग ६० अंशांच्या १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ५ ते ८ मिनिटं. कमी पडलं तर पेशी सुट्या होत नाहीत, जास्त झालं तर मूळ लगदा होतं. मे महिन्यात परभणीत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मुळं फुटायला ठेवलेला कांदा गारव्यासाठी माठाशेजारी ठेवा, पाणी रोज बदला. आणि दाबताना कव्हरस्लिप अजिबात सरकू देऊ नका, नाहीतर १६ गुणसूत्रं मोजता येणार नाहीत.