वाचकांचे प्रश्न: अल्बम येण्याआधीची भांडणं

या वेळच्या पत्रांत बँड तीन वेगळे, भांडण मात्र एकच: अल्बम अजून यायचाय आणि निकाल लागून मोकळा झालाय. निवडक प्रश्न घेतले आहेत.

राजारामपुरी: बँडनं परदेशातल्या मैफलीत वाजवलेल्या दोन नव्या गाण्यांच्या मोबाइल क्लिप आमच्या ग्रुपवर फिरताहेत. निम्मे म्हणतात गिटार ‘ड्रॉप डी’मध्ये आहे, म्हणजे एकच जाड तार उतरवलीय; निम्मे म्हणतात, बँडनं पट्टीच उतरवली, गायकाचा गळा गेला. खरं कसं ठरवायचं?

गळ्यावर जाण्याआधी त्याच रात्रीचं एखादं जुनं गाणं शोधा. मूळ रेकॉर्डिंगमध्ये ते पांढरी तीनमध्ये असेल आणि मैफलीत काळी दोनमध्ये ऐकू येत असेल, तर सगळा कार्यक्रमच अर्ध्या स्वरानं खाली आहे. नव्या गाण्याचा त्यात काही दोष नाही. कितीतरी बँड मैफलीत असं करतात. घरात पेटी असेल तर तपासायला दोन मिनिटं पुरतात.

जुनं गाणं जागच्या जागी असेल, तर गिटारच्या तारा बघा. ‘ड्रॉप डी’मध्ये फक्त सर्वांत जाड, म्हणजे सहावी तार पूर्ण स्वरानं उतरते: 82.4 हर्ट्झवरून 73.4 वर. पाचवी तार 110 वरच राहते. सगळी गिटार पूर्ण स्वरानं उतरवली असेल, तर पाचवीही 98 वर येते. म्हणून भांडण सहाव्या तारेवर मिटत नाही, पाचवीवर मिटतं. सहावी 65.4 आणि पाचवी 98 मिळाली तर ते ‘ड्रॉप सी’. मग दोन्ही गट चुकले.

ट्यूनर ॲप (स्वर किती हर्ट्झचा ते दाखवणारं) लावायचं ते गिटार एकटी वाजते त्या जागी, बहुधा सुरुवातीला. बास आणि ड्रम आले की ॲप गोंधळतं. 73.4 ऐवजी 146.8 दाखवलं तर घाबरू नका, स्वर तोच आहे, सप्तक वरचं. मोबाइलच्या स्पीकरवर तर हे करूच नका. इतके खालचे स्वर त्यातून जवळजवळ बाहेरच पडत नाहीत. त्या स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या अंशस्वरांवरून कान खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. हेडफोन लावा.

आणखी एक खोड असते अपलोड करणाऱ्याची. कॉपीराइटची आपोआप होणारी तपासणी चुकवायला काही जण क्लिपचा वेग वाढवतात. वेग सुमारे 6 टक्के वाढला की पट्टी अर्ध्या स्वरानं चढते आणि 4 मिनिटांचं गाणं 3 मिनिटं 46 सेकंदांत संपतं. लय आणि पट्टी एकाच प्रमाणात चढली असेल, तर ती फाइलची करामत. नुसती लय चढली असेल, तर ड्रमर जोशात आहे.

‘ड्रमचा आवाज पत्र्यासारखा केलाय’ ही तक्रार मात्र क्लिपवरून करू नये. मोबाइलचा माइक मोठा आवाज आला की आपोआप सगळंच दाबतो, त्यावर तडतड होते ती वेगळीच. शिवाय मैफलीतलं गाणं तसंच अल्बमवर येईल याचा भरवसा नसतो. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडनं ‘द डार्क साइड ऑफ द मून’ 1972 मध्ये मैफलींतून वाजवला आणि अल्बम मार्च 1973 मध्ये आला. अल्बममध्ये ‘ऑन द रन’ हा तुकडा जिथं आहे तिथं मैफलीत गिटार आणि कीबोर्डचा तुकडा असायचा. अल्बमवर त्या जागी सिंथेसायझर आला.

इचलकरंजी: यूट्यूबवर नवं सिंगल (अल्बमआधी सुटं आलेलं गाणं) जुन्या गाण्यांपुढं मरगळलेलं वाटतं. मिक्सिंग बिघडवलं ना?

बिघडलं असेलही, पण तुमची चाचणी चुकीची आहे. यूट्यूब सुमारे उणे 14 एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) या पातळीच्या वरची गाणी खाली आणतं. हळू आवाजाची गाणी मात्र वर उचलत नाही. संगणकावर व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. ‘कंटेंट लाउडनेस’पुढं 5 डीबी (डेसिबल) असेल तर गाणं तेवढं दाबलंय, उणे 3 असेल तर ते मुळातच हळू आहे आणि तसंच सोडलंय. दुसऱ्या प्रकारचं गाणं दाबलेल्या गाण्याशेजारी हमखास फिकं वाटतं, कारण एखाद्या डीबीनं जरी आवाज मोठा असला तरी कान त्यालाच ‘चांगलं’ म्हणतो. आधी आवाज जुळवा, मग बोला.

तरीही मित्र हटून बसला तर पाठ फिरवून परीक्षा घ्या. त्याच गाण्याच्या दोन आवृत्त्या, आवाज सारखा केलेला, दहा वेळा नाणं उडवून लावायच्या आणि त्यानं ओळखायच्या. नऊ किंवा अधिक बरोबर आले तर त्याला खरंच ऐकू येतंय. नुसत्या अंदाजानं तसं व्हायची शक्यता 1 टक्क्याच्या आसपास. सात बरोबर आले तर काहीच सिद्ध होत नाही, तो कितीही ओरडो.

चाहत्यांचा कान खरा ठरल्याचंही उदाहरण आहे. मेटॅलिका या अमेरिकी बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बम 2008 मध्ये आला, तेव्हा सीडीपेक्षा ‘गिटार हिरो’ या खेळातली तीच गाणी मोकळी वाजतात हे चाहत्यांनीच पकडलं. सीडीवर आवाज इतका दाबून वर चढवला होता की तो फाटत होता. तिथं आवाज जुळवल्यावरही फरक उरला. तुमच्या सिंगलचं तसं होतं का, तेवढंच बघायचं.

गडहिंग्लज: दोन सिंगल हलकीफुलकी आहेत. अल्बम तसाच असेल का?

त्यावरून काही कळत नाही. मेटॅलिकाच्याच ‘72 सीझन्स’ या अल्बमचं पहिलं सिंगल नोव्हेंबर 2022 मध्ये आलं, साडेतीन मिनिटांच्या आतबाहेरचं. एप्रिल 2023 मध्ये अल्बम आला तो 77 मिनिटांचा, आणि शेवटचं गाणं 11 मिनिटांचं. दुकानदार शोकेसमध्ये काय लावतो, तसंच हे.

कळंबा: अल्बम येईल त्या रात्री पंधरा-वीस जणांनी एकत्र ऐकायचंय. व्यवस्था कशी करावी?

बहुतेक अल्बम शुक्रवारी स्थानिक मध्यरात्री येतात, म्हणजे लंडनवाल्यांच्या आधी आपल्याला. पण रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे, त्यामुळं गच्चीचा विचार सोडा. बंद खोली घ्या आणि आवाज शेजाऱ्यांच्या झोपेला झेपेल इतका ठेवा, नाहीतर शनिवारी सकाळी बसा.

फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो आणि त्याचं खापर बँडवर फुटतं. सतरंज्या, गाद्या अंथरा, खिडक्यांना जाड पडदे सोडा. दोन स्पीकर एकमेकांपासून जितके दूर, साधारण तितक्याच अंतरावर मधली माणसं. कोपऱ्यात स्पीकर ठेवला तर बास फुगतो आणि मग ‘मिक्समध्ये बास फार आहे’ हे मत जन्माला येतं. ब्लूटूथ टाळा, 3.5 मिमीची वायर घ्या. ॲपमध्ये क्रॉसफेड (एक गाणं विरत असतानाच पुढचं सुरू करणं) बंद करा, नाहीतर जोडून येणाऱ्या गाण्यांचे शेवट खाल्ले जातात. शफल बंद, अल्बम आल्याबरोबर डाउनलोड, आणि मग मोबाइल एअरप्लेन मोडवर. ऐन गाण्यात नेट अडखळलं की सगळा रंग जातो.

पहिल्या फेरीत बोलायचं नाही. गाण्याचा क्रमांक आणि एक ओळ चिठ्ठीवर लिहायची. दुसऱ्या फेरीनंतर चिठ्ठ्या उघडायच्या. तोंडी सुरुवात केली तर ज्याचा आवाज मोठा त्याचंच मत सगळ्यांचं होतं, आणि ते मिसळीच्या गाड्यावर चालतं, इथं नाही.

मिरज: ‘लीक’ म्हणून एक फ्लॅक फाइल (दर्जा न घटवता साठवलेलं गाणं) आलीय. अस्सल आहे का?

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या वेळी किती हर्ट्झचे स्वर आहेत त्याचं चित्र बघा. 16 किलोहर्ट्झच्या वर सगळं सपाट कापलेलं दिसलं, तर बहुधा ती 128 केबीपीएसची एमपी3 होती, वर फ्लॅकचा सदरा चढवलाय. बँड तोच की यंत्रानं बनवलेला गळा, हे त्यातून कळत नाही; दोन्ही परिस्थितींत पुढं पाठवू नका आणि त्यावर मत तर मुळीच देऊ नका.