तिचा मोबाइल तुमच्या उशाशी कशाला?

‘मुलगा लेबनॉनला शांतिसेनेत आहे. तिकडं युद्ध पेटल्यापासून चार-चार दिवसांनी फोन येतो. “बरा आहे, जेवलो, काळजी करू नका” एवढंच बोलतो. आम्ही सगळे स्पीकरवर ऐकतो. सूनही असते, पण गप्प. तिला नवऱ्याची काळजी आहे की नाही, कळत नाही. फोन रात्री उशिरा येतो म्हणून तिचा मोबाइल मीच उशाशी घेऊन झोपते. माझं पोरगं तुटत चाललंय का?’
– एक आई, खटाव तालुका

ताई, पोरगं कुठं तुटत नाही. पण तिचा मोबाइल तुमच्या उशाशी का, ते आधी सांगा.

लेबनॉनचं घड्याळ आपल्या मागे असतं, उन्हाळ्यात अडीच तास, हिवाळ्यात साडेतीन. तो ड्यूटी आटपून, जेवून नऊला मोकळा होतो तेव्हा थंडीच्या दिवसांत खटावात साडेबारा वाजलेले असतात. अशा अवेळी तो फोन लावतो, तोही बायकोच्या नंबरवर. तुमचा नंबर काय त्याला ठाऊक नाही?

दक्षिण लेबनॉनात १९७८ पासून शांतिसेना आहे, आपली बटालियन १९९८ पासून. युद्ध थांबवणं काही या पोरांच्या हातात नसतं. मारा सुरू झाला की बंकरमध्ये शिरायचं आणि बसून राहायचं. त्या बसण्यात काय वाटलं, हे तो आई, बाप, भाऊ, भावजय अशा भरल्या घरात स्पीकरवर सांगणार? आपल्याकडं आईला ‘भ्यालो’ म्हणणारा जवान मला तरी अजून भेटायचाय.

तुमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंग्याचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या काळी परमुलखातल्या शिपायांची पत्रं सेन्सॉरचा साहेब फोडून वाचायचा. गावात आली की लिहिता-वाचता येणारं कुणीतरी ती मोठ्यानं वाचणार, आणि बायको दाराआडून ऐकणार. मग पत्रात ‘इकडील सर्व क्षेम’ याखेरीज येणार तरी काय? साहेब कधीच गेला, ताई. त्याची नोकरी तुम्ही का धरलीत?

सुनेच्या गप्पपणाबद्दल तर बोलूच नका. सगळे कान लावून बसल्यावर तिनं त्याला काय विचारावं, भाजी कसली होती?

आज जेवणं झाली की मोबाइल तिच्या हातात द्या, चार्जरसकट. दार लावून झोप म्हणावं. रात्री रिंग ऐकू आली तरी उठायचं नाही, आणि सकाळी चहाला ‘काय म्हणाला?’ हेही नाही. तिला वाटलं तर सांगेल, नाही वाटलं तर नाही. आणि झोपण्याआधी तुमच्या स्वतःच्या मोबाइलवरून, नसेल तर धाकट्याच्या, पोराला एवढंच कळवा: ‘तिचा फोन आजपासून तिच्याजवळ असतो. कितीही वाजता कर.’