सिलिकायुक्त शिलारस उद्रेकापूर्वी भूगर्भात द्रवरूपात साठून राहतो का?

आपण विचारले आहे की, रायोलाइटसारखा सिलिकाने समृद्ध शिलारस उद्रेकापूर्वी हजारो वर्षे जमिनीखाली द्रवरूपात राहतो का, आणि राहत असेल तर तो गोठत कसा नाही. खरे पाहता आपल्या आयुष्याचा बहुतांश काळ तो जवळजवळ गोठलेलाच असतो. ज्वालामुखीखाली लाल द्रवाने भरलेली मोठी पोकळी दाखवणारी जी आकृती आपण सर्वांनी पाहिलेली असते, ती माझ्या मते या विषयात सर्वाधिक गैरसमज पसरवते.

असा शिलारस साधारणपणे ४ ते १० किलोमीटर खोलीवर थबकतो. तिथल्या दाबाखाली त्यात वजनाच्या सुमारे ४ ते ६ टक्के पाणी विरघळलेले राहू शकते आणि या पाण्यामुळेच तो ७०० ते ८०० अंश सेल्सिअस तापमानालाही, जे शिलारसाच्या मानाने कमीच आहे, पूर्णपणे घट्ट होत नाही. मात्र भोवतालचे खडक त्याची उष्णता सतत शोषून घेत असतात. त्यामुळे खालून बेसाल्टचा तप्त शिलारस अधूनमधून येत राहिला तरच हा साठा टिकतो. अन्यथा कालांतराने त्याचा ग्रॅनाइट होतो.

थंड होताना त्यात प्लॅजिओक्लेज, क्वार्ट्झ, बायोटाइट अशा खनिजांचे स्फटिक वाढतात. त्यांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास पोहोचले की ते एकमेकांना टेकतात, त्यांचा सलग सांगाडा तयार होतो आणि उरलेला द्रव ओल्या वाळूतील पाण्याप्रमाणे मधल्या फटींत अडकून पडतो. स्फटिकांचा हा लगदा इतका दाट असतो की त्या अवस्थेत त्याचा उद्रेक होऊ शकत नाही. अमेरिकेतील यलोस्टोनच्या वरच्या साठ्यातही, भूकंपलहरींच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, द्रवाचे प्रमाण सुमारे १६ ते २० टक्केच आहे.

मग उद्रेक होतो तो कसला? एक शक्यता अशी की फटींतील हलका द्रव हळूहळू वर निथळतो आणि लगद्याच्या माथ्यावर त्याचा थर साचतो. कॅलिफोर्नियातील लाँग व्हॅली येथे सुमारे ७.६ लाख वर्षांपूर्वी झालेल्या महाउद्रेकात स्फटिक तुलनेने कमी असलेला रायोलाइट बाहेर पडला, तो असाच वेगळा झाला असावा असे अनेक अभ्यासक मानतात. दुसरी शक्यता अशी की खालून आलेल्या उष्णतेने लगदाच काही अंशी पुन्हा वितळतो. कोलोरॅडोतील सुमारे २.८ कोटी वर्षांपूर्वीच्या फिश कॅन्यन टफमध्ये (ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या खडकात) ४० टक्क्यांहून अधिक स्फटिक आहेत आणि त्यांतील कित्येकांच्या कडा विरघळून झिजलेल्या दिसतात.

स्फटिकांची साक्ष मला या विषयात सर्वांत मोलाची वाटते. अशा खडकाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली फिरवत पाहिला, तर प्लॅजिओक्लेजच्या एकाच स्फटिकात एकाबाहेर एक असे अनेक पट्टे दिसतात आणि प्रत्येक पट्टा थोड्या वेगळ्या कोनात काळा पडतो, कारण त्यातील कॅल्शियम व सोडियमचे प्रमाण वेगवेगळे असते. मध्येच एखादा पट्टा खाल्ल्यासारखा वेडावाकडा असतो. तिथे स्फटिक एकदा विरघळू लागला होता आणि नंतर पुन्हा वाढला. दोन पट्ट्यांमधील सीमेवरून मॅग्नेशियमसारखी मूलद्रव्ये उच्च तापमानाला हळूहळू झिरपतात. सीमा जितकी रेखीव, तितका त्या तापमानात गेलेला काळ कमी, असा हिशेब मांडता येतो.

या हिशेबातून आलेली उत्तरे विलक्षण आहेत. युरेनियमच्या क्षयावरून काढलेली झिरकॉन या शिलारसात वाढणाऱ्या टिकाऊ खनिजाची वये पुष्कळदा उद्रेकाच्या आधी हजारो ते लाखो वर्षांपर्यंत मागे जातात, पण पट्ट्यांच्या सीमा दशकांची किंवा शतकांचीच भाषा बोलतात. ग्रीसमधील सँटोरिनीच्या कांस्ययुगीन उद्रेकापूर्वी ज्वालामुखी हजारो वर्षे शांत होता, तरी तेथील स्फटिकांवरून शिलारसाची मोठी भर शेवटच्या सुमारे शंभर वर्षांत पडल्याचे दिसते. म्हणजे साठा दीर्घायुषी असतो, परंतु उद्रेकक्षम अवस्था अल्पकाळच टिकते.

या सगळ्यात स्फटिकीकरणाची भूमिका दुहेरी आहे. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार (प्लॅजिओक्लेज याच गटातले) पाणी सामावून घेत नाहीत, म्हणून ते वाढतात तसतसे उरलेल्या द्रवातील पाण्याचे प्रमाण वाढते. मर्यादा ओलांडली की बुडबुडे सुटतात आणि तापमान न वाढताही साठ्यातील दाब वाढू लागतो. काही वेळा ठिणगी बाहेरून पडते: फिलिपिन्समधील पिनाटुबोच्या १९९१ च्या उद्रेकापूर्वी डेसाइटच्या (रायोलाइटपेक्षा थोडे कमी सिलिका असलेल्या शिलारसाच्या) साठ्यात खालून बेसाल्ट शिरला होता.

वर चढतानाही हीच प्रक्रिया निर्णायक ठरते. दाब उतरला की पाणी निघून जाते, आणि पाणी गेले की शिलारस थंड न होताही सूक्ष्म स्फटिकांनी भरून घट्ट होतो. माउंट सेंट हेलेन्स येथे २००४ ते २००८ दरम्यान डेसाइट इतका सावकाश वर आला की तो जवळजवळ घन सुळक्यांच्या रूपात बाहेर सरकला. याउलट चिलीमधील चायटेन येथे २००८ मध्ये रायोलाइटला ५ किलोमीटरहून अधिक खोलीवरून पृष्ठभागाजवळ यायला सुमारे चार तास लागले असावेत, असे प्रयोगांवरून दिसते. स्फटिक वाढायला तिथे वेळच मिळाला नाही आणि उद्रेक स्फोटक झाला.