परदेशी स्वयंसेवेला पहिल्यांदा निघताना

अर्ज करायचं ठरवलंस, फार छान केलंस! आधी अटी नीट वाच. पीस कोअर ही अमेरिकी सरकारची स्वयंसेवक संस्था फक्त अमेरिकी नागरिकांना घेते, मुक्काम साधारण 27 महिन्यांचा. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात मात्र अनेक देशांतले लोक जातात आणि अर्जाला पैसे लागत नाहीत.

नवखे हमखास चुकतात ते पोचल्या पोचल्या सुधारणा सुचवण्यात. मीही पहिल्याच आठवड्यात शाळेच्या फळ्यावर नवं वेळापत्रक लिहिलं होतं. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी फळा पुसलेला होता. म्हणून:

- पहिला महिना ऐक.
- रोज थोडी स्थानिक भाषा बोल, चुकलीस तरी.
- बैठकीत शेवटी बोल, काम तिथल्या माणसाच्या हाती सोपव. नेतृत्व खरं इथेच अंगी मुरतं.

निधी, अहवाल वगैरे नंतर बघू.