'बर्मुडा'चं कूळ

प्रश्न असा: गुडघ्यापर्यंतच्या चड्डीला आपण 'बर्मुडा' म्हणतो, ते वेस्ट इंडीजमधल्या बेटावरून का? आणि खरा उच्चार 'बर्म्युडा' ना?

आधी ते 'वेस्ट इंडीजमधल्या' खोडा. २००७ चा विश्वचषक तिकडे झाला, भारताने बर्मुडाविरुद्ध ४१३ धावा कुटल्या, तेव्हापासून हा घोळ वाढलाच आहे. बर्मुडा अटलांटिकमध्ये एकटं पडलेलं आहे, ३२ अंश उत्तरेला, म्हणजे पठाणकोटच्या अक्षांशावर. कॅरिबियन बेटं तिथून सुमारे दीड हजार किलोमीटर दक्षिणेला. सर्वांत जवळची जमीन अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाची, तीही हजार किलोमीटरवर. गल्फ स्ट्रीम या उष्ण सागरी प्रवाहाच्या उबेमुळे हवा उपोष्ण राहते आणि इतक्या उत्तरेला प्रवाळही वाढतं. सगळा मुलूख जेमतेम ५३ चौरस किलोमीटर. चुनखडीत पाणी मुरून जातं, त्यामुळे नदी नाही. चुना लावलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या छपरांवरचं पावसाचं पाणी घराखालच्या टाकीत साठवतात.

आता नाव. काही जण त्याचा संबंध बर्माशी जोडतात. त्याला काडीचा आधार नाही. १५०५ च्या सुमारास ह्वान दे बेर्मूदेस या स्पॅनिश खलाशाला हे बेट दिसलं आणि १५११ च्या नकाशात ते 'ला बेर्मूदा' म्हणून आलं. १६०९ मध्ये जॉर्ज सोमर्सचं जहाज तिथल्या खडकांवर फुटलं, इंग्रजांनी 'सोमर्स आयल्स' हे नाव चालवून पाहिलं, पण तोंडात राहिला तो स्पॅनिश माणूसच.

आणि 'बेर्मूदेस' म्हणजे बेर्मूदोचा मुलगा! फर्नांदोचा फर्नांडिस, रोद्रिगोचा रॉड्रिग्ज, गोन्सालोचा गोन्साल्विस; गोव्यात आणि वसईत घरोघरी दिसणाऱ्या आडनावांचंच हे भावंड. उत्तर स्पेनमधल्या अस्तुरियास-लिओनच्या गादीवर बेर्मूदो नावाचे तीन राजे झाले. नावाच्या पूर्वार्धात 'बेर' म्हणजे अस्वल शोधणारे पंडित आहेत, पण जुन्या लॅटिन कागदांत 'वेरेमुंदुस' असं 'व'ने लिहिलेलं असताना अस्वल आणायचं कुठून? जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातल्या भाषांत, 'मुंद' म्हणजे रक्षण, आणि 'वेर' म्हणजे खरा. माझं मत ठाम आहे: खरा रक्षक.

'बर्म्युडा' हा इंग्रजी उच्चार. आपला 'बर्मुडा' मूळ स्पॅनिशच्या अधिक जवळ आहे, तो कशाला सुधारायचा? चड्डीला नाव बेटावरूनच मिळालं. तिथे मात्र ती कोट, टाय आणि गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांसह कचेरीत घालतात.

उलट, लॉनसाठी विकतात तो 'बर्म्युडा ग्रास' मूळचा तिथला नाहीच. सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वा तिच्याच.