खान्देशात राहून मुलांना घरीच शिकवतोय, ऋतूनुसार मजेत शिकता येईल असं काय करावं?

उन्हाळ्यात एक गोष्ट अजिबात सोडू नका, शून्य सावली. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारला साधारण २४ ते २८ मे दरम्यान एका दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि साडेबाराच्या जरा आधी उभ्या बाटलीची सावलीच गायब! आठवडाभर आधीपासून त्याच वेळी रोज सावली मोजून वहीत लिहायला लावा, ती कमी कमी होताना पोरं इतकी खूश होतात ना, आणि मग नकाशात कर्कवृत्त दाखवा, आपण त्याच्या दक्षिणेला म्हणून हे दिसतं, दिल्लीत कधीच दिसत नाही.

पावसाळ्यात सपाट बुडाची सरळ बरणी गच्चीवर ठेवा, पट्टीने पाऊस मोजा. १ मिमी म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर, आता आख्ख्या गच्चीवर किती पडला ते पोरांनाच काढू द्या.

कापूस फुटला की ओळखीच्या शेतातून थोडा आणा, हाताने सरकी काढून दोन्हीचं वजन करा, रुई जेमतेम एक तृतीयांश भरते. थंडीत हतनूर धरणावर स्थलांतरित पक्षी येतात, सकाळी लवकर न्या. आणि शेतात भरीत पार्टी असेल तर वांगी भाजायचं काम मोठ्या मुलांना द्या, तुम्ही फक्त जवळ थांबा.