शोकांतिका, शोकात्मिका की करुण? एका जपानी चित्रपटाच्या निमित्ताने

प्रश्न असा आला आहे: इसाओ ताकाहाता यांच्या 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८) या जपानी ॲनिमेशनपटाविषयी मराठीत लिहिताना कोणी त्याला शोकांतिका म्हणतात, कोणी शोकात्मिका, तर कोणी करुण चित्रपट. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

ते चालवले जातात हे खरे. पण निदान या चित्रपटाच्या बाबतीत तरी ते अदलाबदलीने वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. या चित्रपटाचा अर्थ कसा लावावा याविषयी समीक्षकांत जो मतभेद आहे, त्यात यांतला प्रत्येक शब्द नकळत एक बाजू घेतो.

आधी 'शोकांतिका'. शोकात अंत होणारी ती शोकांतिका, असा हा शब्द शेवटाकडे बोट दाखवतो. 'एकच प्याला'ला तो शोभतो, कारण सुखी संसारापासून विषापर्यंतचा उतार प्रेक्षक पायरीपायरीने पाहतो. ताकाहातांच्या चित्रपटात मात्र चौदा वर्षांचा सेइता पहिल्याच वाक्यात आपल्या मृत्यूची तारीख सांगतो: २१ सप्टेंबर १९४५ची रात्र. कोबे शहरातल्या सान्नोमिया स्थानकात भुकेने खंगलेले त्याचे शरीर आपल्याला दिसते आणि मग कथा मागे जाते. शेवटी काय होणार, ही उत्कंठाच इथे काढून घेतलेली आहे. त्यातच वर्तमानपत्रांनी 'शोकांतिका' हा शब्द 'खेदाची गोष्ट' इतका सैल करून टाकला आहे. नवा पूल वर्षभरात खचला तरी ती 'शोकांतिका' ठरते. म्हणून या चित्रपटासाठी हा शब्द मला सर्वांत कमी उपयोगाचा वाटतो.

'शोकात्मिका' म्हणजे शोक हाच जिचा आत्मा आहे ती. अंत आधीच सांगून टाकला तरी या शब्दाला बाध येत नाही. पण मराठी नाट्यसमीक्षेत तो ॲरिस्टॉटलच्या विचाराशी जोडला गेला आहे, आणि त्यामुळे नायकाच्या हातून घडलेली चूक त्याच्या नाशाला कारण होते, ही अपेक्षाही त्याच्याबरोबर येते. खरा वाद इथेच आहे. अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्ट यांनी २००० साली लिहिलेल्या लेखात या चित्रपटाला श्रेष्ठ युद्धपटांच्या पंक्तीत बसवले. त्या वाचनात सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको हे प्रामुख्याने युद्धाचे बळी आहेत. ताकाहातांना मात्र 'युद्धविरोधी चित्रपट' हे वर्णन मान्य नव्हते. आईच्या मृत्यूनंतर नातेवाईक बाईच्या घरातला अपमान सहन न होऊन सेइता बहिणीला घेऊन तळ्याकाठच्या विवरात राहायला जातो; बँकेत आईचे सात हजार येन असतानाही वेळीच माघारी फिरत नाही. समाजाशी नाते तोडून दोघांचेच जग उभारण्याच्या या ओढीत ताकाहातांना आपल्या काळातले तरुण दिसत होते. ज्यांच्या १९६७च्या कथेवर चित्रपट बेतला आहे, त्या आकियुकी नोसाकांनी स्वतःच्या धाकट्या बहिणीचा उपासमारीने झालेला मृत्यू पाहिला होता आणि ती कथा त्यांनी अपराधी भावनेतून लिहिली होती. सेइताच्या वाट्याला काही दोष येतो असे ज्यांना वाटते, त्यांनी 'शोकात्मिका' जरूर म्हणावे. ज्यांना ते मान्य नाही त्यांनी हा शब्द टाळावा, कारण वाचक त्यातून दोषाची सूचना घेणारच.

राहिला 'करुण', आणि माझे मन याच शब्दाकडे झुकते. करुण रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली कायमची भावना, शोक, हे सर्वांना ठाऊक असते. पण 'नाट्यशास्त्र' या प्राचीन संस्कृत ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात भरताने त्याहून सूक्ष्म असा एक भेद केला आहे. विप्रलंभ शृंगार, म्हणजे ताटातुटीतले प्रेम, तो सापेक्ष मानतो, कारण पुन्हा भेटीची आशा तिथे शिल्लक असते; करुण मात्र निरपेक्ष, कारण तिथे आशाच उरलेली नसते. हा भेद मुळात प्रेमी जनांच्या संदर्भातला असला, तरी दोन भावंडांच्या दुःखातला फरक सांगायला त्याच्याइतके नेमके साधन मला दुसरे सापडलेले नाही. आई गेल्याचे सेइता बहिणीपासून लपवतो, म्हणून सेत्सुकोच्या वाट पाहण्यात आशा आहे. त्याच्या गप्प राहण्यात ती नाही. सेत्सुको रडू लागते तेव्हा तो जवळच्या लोखंडी आडव्या दांड्यावर गिरक्या घेत राहतो. हा प्रसंग शोक दाखवतच नाही, तो अडवून धरतो. पुढे मेलेल्या काजव्यांना पुरताना सेत्सुको सहज सांगून जाते की आईसुद्धा थडग्यात आहे, हे तिला त्या नातेवाईक बाईंकडून कळले आहे. आणि इतके दिवस आवरलेला सेइता तिथे रडतो. आता लपवण्यासारखे काही उरलेले नसते. नौदलात असलेल्या वडिलांची त्याला जी आशा होती, तीही पुढे बँकेत जपानच्या शरणागतीची आणि आरमार बुडाल्याची बातमी कळताच संपते. आशेचा एकेक धागा तुटत जाणे हीच या चित्रपटाची रचना आहे, आणि ती 'करुण' या शब्दात, त्याच्या शास्त्रीय अर्थाने, पूर्ण मावते.

एक सावधगिरी मात्र हवी. 'करुण' आणि 'करुणा' यांची गल्लत करू नये. करुणा म्हणजे दया. रामदासांच्या करुणाष्टकांत भक्त देवाकडे तीच मागतो. त्यामुळे 'करुणापट' असा समास केला तर तो दयेविषयीचा चित्रपट होईल, आणि या दोन मुलांना दया तर फारशी कुठेच मिळत नाही. 'करुण चित्रपट' असे दोन सुटे शब्द लिहावेत, किंवा वाक्याला सोसत असेल तर 'करुणरसप्रधान' म्हणावे.